पोपटाची मागची बाजू

पाणी जांभळं झालं.

परातीत कोमट पाणी होतं आणि पाण्यात फक्त एक पान. पुस्तक टेबलाच्या कडेला आडवं टेकवलेलं, बाकीची पानं फडक्यात गुंडाळून वर बांधलेली. सुरुवातीचं कोरं पान तेवढं खाली पाण्यात सोडलेलं. त्या पानावर चिकटवलेली पोपटाच्या चित्राची कागदी प्लेट मला सोडवायची होती. घड्याळ समोर ठेवून बसलो होतो. अकराव्या मिनिटाला प्लेटचा डावा कोपरा उचलला गेला आणि त्याच्या खालून, उदबत्तीचा धूर निघावा तसा, जांभळा रंग निघाला.

मी घाबरलो. पोपटासाठी. शाई सुटली असं वाटलं. भिंग लावून पाहिलं. चोच, डोळा, पंखावरच्या बारीक रेषा, सगळं काळंभोर. शाई जागची हलली नव्हती. हुश्श केलं. चिमट्यानं प्लेट उचलली, टीपकागदावर ठेवली, परात मोरीत ओतली.

खालच्या पानाकडे मी पाहिलं नाही.

हे वाक्य मी अडतीस वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं आहे. नीट पाहिलं नाही. पाहायला वेळ नव्हता. पाहिलं, पण तेव्हा कळलं नाही. सगळी खोडली. पाहिलं नाही, एवढंच खरं.

*

माझ्या अल्बमच्या एकुलत्या एका भरलेल्या पानावरची नोंद, माझ्याच अक्षरात:

बुकप्लेट. लाकडी ठोकळ्यावरून छपाई, एक रंग. चित्र: बंद पुस्तकावर बसलेला पोपट. नाव: नरहर वासुदेव आठल्ये, वकील, मिरज. काळ: अंदाजे १९३०. कोरणारा: माहीत नाही. स्थिती: चांगली. उलटी लावली आहे, मागची बाजू वर.

*

लोक विचारतात, उलटी का? त्याआधी विचारतात, बुकप्लेट म्हणजे काय? तर पुस्तकाच्या सुरुवातीला चिकटवायची मालकाच्या नावाची छापील चित्रपट्टी. हे पुस्तक अमक्याचं. मुतालिककाका तिला ग्रंथमुद्रा म्हणायचे. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ सांगलीत विश्रामबागला राहायचे. त्यांच्याकडे तीन हजार ग्रंथमुद्रा होत्या आणि पुस्तकं चाळीस. जगात सगळ्यात जुनी मुद्रा तोंडात फूल धरलेल्या साळूची आहे, जर्मनीतली, साडेपाचशे वर्षांपूर्वीची, हे ते पहिल्या भेटीत सांगत. दुसऱ्या भेटीतही.

"मग ती पुस्तकं कुठं गेली, काका? ज्यांवर ह्या होत्या?"

"कुठली पुस्तकं?"

इतका साधा माणूस. संग्रह करणाऱ्यांची एक रीत होती. आपल्या नावाची प्लेट एखाद्या चित्रकाराकडून कोरून घ्यायची, शंभर प्रती छापायच्या आणि त्या कधीच पुस्तकाला लावायच्या नाहीत. टपालानं अदलाबदल करायची. डेन्मार्कचा एक दंतवैद्य, झेकोस्लोव्हाकियातली एक शिक्षिका, मुतालिककाका. दरवर्षी त्यांची एक छापील यादी निघायची. त्या यादीच्या शेवटी कोरणाऱ्यांची नावं असत.

त्या नावांत मला माझं नाव हवं होतं. श्रीपती सुतार, मिरज.

१९८६ साल. मी अठ्ठावीस वर्षांचा. हळदीच्या पुड्यांची लेबलं कोरायचो, तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या आत चिकटवायच्या चिठ्ठ्या कोरायचो. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, कागदावर सुलटं उमटण्यासाठी. दहा वर्षं उलटी अक्षरं कोरून माझी अशी गत झाली होती, की दुकानाची पाटी काचेच्या मागच्या बाजूनं मला लवकर वाचता यायची. पण हळदीच्या पुडीवर कोरणाऱ्याचं नाव कोण घालतो?

"आठल्ये वकिलाचा पोपट आणून दे," मुतालिककाका म्हणाले. "इथं मिरजेत कोरलेली सगळ्यात देखणी मुद्रा. त्यांची कायद्याची पुस्तकं वाळवीनं खाल्ली. एक पुस्तक उरलंय, मुलीकडे. ते आण, तुझी सहा कामं मी स्वतः डेन्मार्कला पाठवतो. यादीत नाव आलं म्हणून समज."

*

अंबूताई आठल्ये मिशन हॉस्पिटलमागच्या दोन खोल्यांत राहायच्या. नर्स म्हणून तीस वर्षं काढलेली. अठ्ठावन्न वय, लग्न नाही, आवाज वॉर्डच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा.

मी तीनदा गेलो. पहिल्यांदा पुस्तक पाहिलं. प्राण्यांची रंगीत चित्रं असलेलं, मुलांचं, जाडजूड. वकिलांनी कायद्याच्या पोथ्यांसारखीच त्यालाही आपली पोपटाची पट्टी लावली होती. पण आतल्या पुठ्ठ्यावर जंगलाचा नकाशा होता, म्हणून ती समोरच्या कोऱ्या पानावर लावलेली. दुसऱ्यांदा पातळ कागद ठेवून मी पोपट गिरवून घेतला, अभ्यासासाठी म्हणून.

"कसला अभ्यास?"

"रेषांचा."

"हात चांगलाय तुमचा, सुतार," गिरवलेला कागद मूळ चित्राशेजारी धरून त्या म्हणाल्या. "कुठला खरा, कळत नाही."

मला अभिमान वाटला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, नखांत बसलेल्या शाईकडे.

"डाग जात नाही का?"

"नाही ताई."

"माझ्या आईच्या ओठाला होता. इथं, खालच्या. जांभळा. घरचे म्हणायचे, जांभळं खाल्ली असतील. दिवाळीत कुठली हो जांभळं?"

मी हसलो. हसण्यासारखं असावं असं वाटलं. मग घरी येऊन पंधरा दिवस राबून ठोकळा कोरला. एका जुन्या जमाखर्चाच्या वहीचं कोरं पान मिळवलं, शाईत थोडी काजळी आणि तेल घातलं आणि पोपट छापला. चोच, डोळा, पंख. कुठला खरा, कळत नव्हता.

तिसऱ्यांदा, मंगळवारी, पुस्तक मागितलं.

"फोटो काढून परत देतो."

"फोटोला पुस्तक घरी न्यावं लागतं?"

"उजेड लागतो, ताई."

"इथं काय अंधार आहे?" खिडकीतून ऊन थेट त्यांच्या मांडीवर पडलं होतं. मग त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "न्या. गुरुवारी आणा. सकाळी. ऊन या खिडकीत असतं तेव्हा."

*

बुधवार.

परात. अकरा मिनिटं. जांभळं पाणी.

प्लेटच्या मागं खळीचा बुळबुळीत थर होता आणि थरात जांभळा डाग. मी तो खरवडला नाही. मागची सफाई मुतालिककाका दुसऱ्या कुणाला करू देत नसत. पान वाळवलं. वाळल्यावर पाहिलं, तेव्हा त्यावर फिकट जांभळा ढग तेवढा उरला होता. माझा पोपट त्या ढगावर चिकटवला. ढग पूर्ण झाकला गेला. संध्याकाळी सायकल मारत सांगलीला गेलो आणि खरा पोपट काकांच्या हातात दिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

*

गुरुवारी सकाळी अंबूताईंनी पुस्तक उघडलं. पोपटाकडे पाहिलंही नाही. ते एकच पान वेगळं धरून खिडकीतल्या उन्हासमोर उभं केलं.

मी इतका वेळ कुणाला काही बघताना पाहिलेलं नाही.

"काढलीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सुतार, मी नर्स आहे. माणूस खोटं बोलताना त्याचा गळा कुठं हलतो हे मला ठाऊक आहे. काढलीत आणि दुसरी लावलीत. छान लावलीत." पान अजून उन्हासमोर होतं. "खाली काय होतं?"

"खाली?"

"खाली, खाली! पोपटाच्या खाली!"

मी म्हणालो, "डाग होता."

"कसला?"

"जांभळा. धुतला गेला."

त्या खाली बसल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली, फरशीवर. पुस्तक मांडीत.

"या पानाला उन्हात धरलं की पोपटाच्या आतून रेघा दिसायच्या," त्या म्हणाल्या. "पोपटाच्या रेघांत त्या रेघा. वाचता यायच्या नाहीत. मी पंचवीस वर्षं धरते आहे. मी पाच वर्षांची असताना आई गेली. घरात सगळे सांगायचे, तुझ्या आईला अक्षर येत नव्हतं, अंगठा करायची. वडीलही. पण मला तो ओठ आठवायचा. पुढं हॉस्पिटलात नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी मेट्रननं पेन्सिल दिली, तक्ते भरायला. कॉपिंग पेन्सिल. बघितलीय का?"

मी बघितली होती. रेल्वेच्या पार्सलवर लिहायची. दिसायला साधी शिसपेन्सिल. जिभेला लावून ओली केली की जांभळं उठतं.

"सगळ्या नर्सांच्या ओठाला तो डाग असायचा. मी आरशात पाहिला आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आई कशासाठी पेन्सिल ओली करत होती, सुतार? अंगठा करायला?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

मी ओरडलो होतो. चूक माझी आणि ओरडत मी होतो.

"सांगून काय झालं असतं? तुम्ही जपून काढली असतीत, आणि खाली काही नसतं तरी म्हातारीला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहून आणलं असतंत. तुमचा हात मी पाहिला होता. मला आधी काही ठाऊक नसलेला, स्वतःहून पाहणारा माणूस हवा होता. प्लेट काढायला आलेला माणूस खाली बघेलच, असं मला वाटलं."

त्यांनी पानावरून बोट फिरवलं.

"एवढंच सांगा. अक्षर होतं?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. मी म्हणालो, "मी पाहिलं नाही, ताई."

आणि हे म्हणताना माझ्या डोक्यात कॉपिंग हा शब्द फिरला. कॉपिंग. कॉपी काढायची पेन्सिल. तिच्या लिखाणावर ओला कागद दाबला की उलटी प्रत उमटते, कचेऱ्यांत त्यासाठीच वापरायचे. पन्नासएक वर्षांपूर्वी आठल्ये वकिलांनी प्लेटच्या पाठीला ओली खळ लावली होती. ओली प्लेट त्या लिखाणावर दाबली होती.

मी चप्पल न घालता सायकल काढली.

*

मुतालिककाका अंगणात स्टुलावर बसले होते. पुढ्यात पांढरी चिनी मातीची बशी.

"ये, ये! तुझ्या पोपटाला अंघोळ घालतोय. पाठीवर घाण डाग होता रे, खळ काढल्यावर दिसला. ब्लीचिंग पावडर. आत्ताच सोडलाय, दोन मिनिटं..."

मी बशीत हात घातला.

"अरे, चिमटा घे! फाटेल! श्रीपती!"

पोपट तळहातावर पालथा घातला. पाठ ओली, पांढरी होत चाललेली. जांभळं डावीकडून पळत होतं. खरंच पळत होतं, डोळ्यांदेखत, उतारावरून पाणी जावं तसं. आणि उजवीकडे अजून अक्षरं होती. उलटी. दुसऱ्या कुणाला तिथं किड्यांची रांग दिसली असती. मला ती उलटी दिसलीच नाहीत. मी वाचली.

मोठी, गोल, एकेक सुटं ठेवलेली अक्षरं. नुकतंच शिकलेल्या माणसाची.

खाली दुसरी ओळ होती. मी डोळे तिकडे नेले तेव्हा तिथं पिवळट ओलावा होता. परत वर आलो तर वरची ओळही नव्हती.

"काळ्या शाईला काही होत नाही," काका समजावत होते. "बघ ना पोपट. ठणठणीत आहे."

"मागं लिहिलेलं होतं, काका."

"मागची बाजू कोण बघतं?"

त्यांच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि तोवर मलाही कळलं नव्हतं. मी म्हणालो, प्लेट परत न्यायची आहे. ते आत गेले, माझ्या सहा कामांचं पाकीट घेऊन आले. वर डेन्मार्कचा पत्ता लिहून, तिकिटं लावून तयार. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"दोन्ही घेऊन जा मग. मी चोरीचा माल पाठवत नाही, आणि चोराचाही नाही."

कालपर्यंत चोरी नव्हती ती. पण मी वाद घातला नाही. त्या यादीत माझं नाव कधीच आलं नाही.

*

परत आलो तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. अंबूताई तिथंच, फरशीवर. त्यांनी माझा खोटा पोपट ओल्या कापसानं सोडवून काढला होता. नर्सचा हात, पान जरासुद्धा दुखावलं नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त जांभळा ढग होता.

मी खरी प्लेट समोर ठेवली. मग काय झालं ते सगळं सांगितलं. ब्लीचिंगची बशी, पळणारा रंग.

"म्हणजे गेलंच."

"एक शब्द वाचला, ताई. त्याच्यापुढच्या शब्दातलं पहिलं अक्षर. बाकी नाही."

"कुठला शब्द?"

"त्याचा अर्थ मला कळला नाही. कुणाचं तरी नाव असेल. 'खारूचे.' आणि पुढं 'पु'."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "खारूचे."

"ऐकलं," त्या म्हणाल्या. मग हळूच, वॉर्डमधल्या आवाजाचा मागमूस नसलेल्या आवाजात, "लहानपणी माझे दात पुढं होते. शेंगदाणे दोन्ही हातांत धरून खायची. ते नाव आई एकटीच घ्यायची. ती गेल्यावर मला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असण्याचं कारणच नाही."

"नाही."

"खारूचे पुस्तक," त्या म्हणाल्या. त्या पुस्तकात खारीचं चित्र सतराव्या पानावर होतं. त्यांनी ते उघडलं, पाहिलं, मिटलं. "माझं होतं हे. वडिलांच्या पोपटाच्या आधी माझं होतं."

आता त्यांचे डोळे माझ्यावर. "आणि खालची ओळ?"

त्या क्षणी त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. मी काहीही म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं. आईचा आशीर्वाद. खारू, खूप शिक. मला ते अक्षरही जमलं असतं, गोल, सुटं. घरी जाऊन कोरलं असतं तर कुठलं खरं, कळलं नसतं. तोंडात वाक्य तयार होतं.

"ती वाचता आली नाही," मी म्हणालो.

"थोडीसुद्धा?"

"नाही, ताई."

त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मी एक प्लेट कोरून देतो. तुमच्या नावाची. खार काढतो, हातात शेंगदाणा धरलेली. या ढगावर लावू. फुकट, ताई, आणि एकच प्रत, ठोकळा तुमच्यासमोर फोडून टाकतो."

"तुमचं कोरलेलं नको." रागानं म्हणाल्या नाहीत. चहा नको म्हणतात तसं. "आणि तो पोपट न्या. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

त्या उठल्या, कपाटातून पत्र्याचा डबा काढला. थर्मामीटर, कात्री, सुईची डबी, तळाशी बोटाएवढी उरलेली पेन्सिल. परत फरशीवर बसल्या. पान सपाट केलं. पेन्सिलीचं टोक तोंडात धरलं, ओठ मिटून जिभेवर फिरवलं आणि जांभळ्या ढगावर, एकेक अक्षर सुटं ठेवत, एक ओळ लिहिली. खाली आणखी एका ओळीची जागा सोडली. तिथं काही लिहिलं नाही.

पुस्तक उन्हाकडे वळवून त्या शाई वाळायची वाट बघत बसल्या. माझ्याकडे मान वर केली, तेव्हा खालच्या ओठावर, मधोमध, जांभळा ठिपका होता.